फॉर्मच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवताना मराठी, मोबाइल आणि पत्ता शाबूत कसा ठेवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या चादरी-टॉवेल बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वेबसाइटवर ठोक खरेदीदारांसाठी चौकशीचा फॉर्म आहे. नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठतात. मालकांना रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या नोंदींची एक्सेल फाइल हवी असते. तुम्ही पीएचपी भाषेतल्या कोडनं प्रत्येक नोंदीतली मूल्यं कॉमानं जोडून सीएसव्ही (तक्त्याची साधी टेक्स्ट फाइल) काढता. ती एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी कचरा दिसतो, पत्ता दोन-तीन ओळींत फुटतो, मोबाइल नंबर बिघडतात आणि सुताच्या काउंटच्या (जाडीच्या मापाच्या) जागी तारीख येते. डेटाबेसमध्ये सगळं ठीक दिसतं. कोडमध्ये काय बदलायचं आणि आतापर्यंत वाटलेल्या फाइलींचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

सरळ उत्तर आधी देतो. फाइल माणूस एक्सेलमध्ये उघडणार असेल तर त्याला सीएसव्ही देऊ नका, एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलचा स्वतःचा फाइल प्रकार द्या. त्या फाइलीत नोंद क्रमांक, नगांची संख्या आणि तारीख एवढं सोडून बाकी प्रत्येक सेल मजकूर म्हणून लिहा, आणि तसं कोडमध्ये स्पष्ट सांगा. फॉर्ममधून जे येतं तो मुळात मजकूरच असतो. त्यातलं काय आकडा आहे हे तुम्हाला माहीत आहे, एक्सेलला नाही. हा निर्णय तुम्ही घेतला नाहीत तर एक्सेल तुमच्या वतीनं घेतं, आणि तुमची आजची बहुतेक दुखणी त्यातूनच आलेली आहेत.

सीएसव्ही ही नुसती साधी टेक्स्ट फाइल आहे. हा सेल मजकुराचा, तो आकड्याचा, हे सांगायची सोयच तिच्यात नाही. म्हणून उघडताना एक्सेल प्रत्येक सेलकडे बघून अंदाज बांधतं. सुताचा काउंट २/१० लिहिलेला असेल, तर भारतीय सेटिंग असलेल्या संगणकावर तो २ ऑक्टोबर होतो आणि अमेरिकन सेटिंग असलेल्या संगणकावर १० फेब्रुवारी. त्या सेलमध्ये आता काउंट उरलेलाच नसतो, तारखेचा अनुक्रमांक असतो. सेलचा फॉरमॅट 'टेक्स्ट' केला तर पाच आकडी संख्या समोर येते. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ हा २१७ होतो. डिझाइन नंबरात इंग्रजी ई आला, समजा १२ई५, तर त्याचे बारा लाख होतात, कारण आकड्यांमधला ई म्हणजे दहाचा घात असं एक्सेल धरतं. मोबाइलच्या पुढे ९१ लावलेलं असेल तर तो बारा आकडी होतो आणि 'जनरल' फॉरमॅटमध्ये बारा आकड्यांपासून पुढे एक्सेल घातांकी रूप दाखवतं. बँक खात्याचे क्रमांक मागवत असाल तर आणखी जपा: एक्सेल आकड्याचे फक्त पहिले १५ अंक टिकवतं, सोळाव्यापासून पुढचे शून्य करतं. ते परत मिळवता येत नाहीत.

इथे बरेच जण मूल्याभोवती डबल कोट लावून बघतात. त्याचा उपयोग नाही. सीएसव्हीतले कोट हे सेल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगण्यासाठी असतात, प्रकार सांगण्यासाठी नाहीत. कोटातला २/१० सुद्धा तारीखच होतो. आणि ही अडचण आपल्यापुरती नाही. जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये मार्च आणि सेप्टेंबरच्या लघुरूपांसारखी दिसणाऱ्या काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये हे आपोआपचे बदल बंद करायची सोय आहे, पण ती प्रत्येकानं आपापल्या संगणकावर करावी लागते. मालकांच्या, अकाउंटंटच्या आणि गोदामातल्या संगणकावर ती केलेली असेल या भरवशावर काम करता येत नाही.

आता मराठीच्या कचऱ्याकडे. कचरा कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. नावाच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं फाइलीत येण्याआधीच हरवली आहेत: टेबलात साठवताना, किंवा डेटाबेसकडून पीएचपीकडे येताना. कोऱ्या चौकटी दिसत असतील तर अक्षरं शाबूत आहेत, त्या संगणकावर फॉन्ट नाही. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हापुन्हा दिसत असेल, तर फाइल बरोबर आहे, फक्त ती चुकीच्या संकेतनात, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या भलत्याच पद्धतीनं, वाचली गेली आहे. यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा बदलता. एक्सेल ते बाइट जुन्या विंडोज संकेतनात एकेक करून वाचतं, तेव्हा २२४ चा तो रेघवाला ए होतो. प्रत्येक मराठी अक्षराच्या सुरुवातीला तोच बाइट असल्यामुळे तोच ए ओळभर येत राहतो. तुमच्या वर्णनावरून तुमची हीच तऱ्हा आहे. ही बातमी चांगली, कारण डेटा सुरक्षित आहे.

सीएसव्हीच द्यायची असेल तर यावरचा उपाय म्हणजे फाइलीच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट लिहिणं. त्याला बॉम म्हणतात, आणि तो दिसला की एक्सेल फाइल यूटीएफ-८ समजून वाचतं. पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांनी संकेतनाच्या जागी 'यूटीएफ-८-सिग' लिहिलं की बॉम आपोआप लागतो. ही फाइल दुसरा एखादा प्रोग्रॅम वाचणार असेल तर मात्र बॉम लावू नका. कित्येक प्रोग्रॅम ते तीन बाइट पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटवतात आणि मग तो कॉलम सापडत नाही म्हणून ओरडतात.

डेटाबेसशी जोडणी करताना कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' ठेवा, टेबलाचाही तोच. मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ८' नावाचं जे जुनं संकेतन आहे ते तीन बाइटांपर्यंतच जातं. मराठी, कन्नड, तेलुगू त्यात बसतात, पण निरोपाच्या चौकटीत कुणी हात जोडलेला इमोजी टाकला की त्याला चार बाइट लागतात आणि नोंदच अडकते किंवा तिथून पुढचा मजकूर कापला जातो. हल्ली निरोप हात जोडूनच संपतात, तेव्हा हे दुर्मीळ समजू नका. तुमच्याकडे विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादचे खरेदीदार येणार, आणि शहरातही तेलुगूत नाव लिहिणारे पुष्कळ आहेत. एक्सएलएसएक्सच्या सेलना 'निर्मला यूआय' फॉन्ट द्या. देवनागरी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही त्या एकाच फॉन्टमध्ये आहेत आणि विंडोज ८ पासून तो विंडोजसोबतच येतो.

पत्ता फुटण्याचं कारण वेगळं आहे. कॉमानं मूल्यं जोडणं म्हणजे सीएसव्ही नव्हे. समजा एक नोंद अशी आहे: पत्त्यात 'गाळा नं. ७, अक्कलकोट रोड एमआयडीसी' आणि पुढे एंटर मारून 'सोलापूर', आणि मापाच्या चौकटीत इंचाची खूण घालून ३०"×६०". ही नोंद सीएसव्हीत बरोबर लिहिली तर अशी दिसते:

१०४,"गाळा नं. ७, अक्कलकोट रोड एमआयडीसी
सोलापूर","३०""×६०""",५००

दिसायला या दोन ओळी असल्या तरी ही एकच नोंद आहे. ज्या मूल्यात कॉमा, एंटर किंवा डबल कोट आहे ते पूर्ण मूल्य डबल कोटात जातं, आणि आत असलेला प्रत्येक डबल कोट दोनदा लिहिला जातो. २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात हा नियम लिहून ठेवलाय. टॉवेलच्या धंद्यात इंचाची खूण जागोजाग येते, म्हणून इथे हा कोटांचा भाग सगळ्यात आधी बिघडतो. एका न मिटलेल्या कोटामुळे पुढच्या वीस नोंदी एकाच सेलमध्ये शिरू शकतात.

हे हातानं लिहू नका. पीएचपीत 'एफपुटसीएसव्ही' हे फंक्शन त्यासाठीच आहे. फक्त त्याच्या 'एस्केप' या पॅरामीटरला मुद्दाम रिकामी स्ट्रिंग द्या. मूळ सेटिंगमध्ये ते बॅकस्लॅशला खास अर्थ देतं, आणि बॅकस्लॅशच्या पुढे डबल कोट आला तर तो दुप्पट करत नाही. सीएसव्हीच्या नियमात असं काही नाही. पीएचपी ८.४ पासून हे पॅरामीटर न देता फंक्शन वापरलं तर सूचनाही येते. पायथॉनमध्ये 'सीएसव्ही' मॉड्यूल वापरा आणि फाइल उघडताना 'न्यूलाइन'ला रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ पडते. आणखी एक बारीक गोष्ट: पहिल्या कॉलमचं नाव इंग्रजी मोठ्या लिपीत 'आयडी' असं ठेवू नका. सीएसव्हीची पहिली दोन अक्षरं ती असली की एक्सेल तिला सिल्क नावाच्या जुन्या प्रकारची फाइल समजतं आणि चूक दाखवतं. 'नोंद क्रमांक' लिहा, प्रश्न मिटला.

आता मुख्य काम, एक्सएलएसएक्स. ही फाइल म्हणजे झिपमध्ये बांधलेल्या एक्सएमएल फाइलींचा गठ्ठा असतो. एखाद्या फाइलीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडून बघा, प्रत्येक सेलला स्वतःचा प्रकार लिहिलेला दिसेल. सीएसव्हीत नसलेली सोय ती हीच. पीएचपीसाठी 'पीएचपी-स्प्रेडशीट' ही लायब्ररी (तयार कोडचा संच) कंपोझरनं, म्हणजे पीएचपीच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या साधनानं, टाका. जुन्या लेखांत भेटणारी 'पीएचपी-एक्सेल' बंद झालेली आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

या लायब्ररीत सेल भरण्याच्या दोन पद्धती आहेत आणि सगळा फरक तिथे पडतो. 'सेट-सेल-व्हॅल्यू' वापरलं तर लायब्ररीसुद्धा अंदाज बांधते: आकड्यासारखं दिसलं की आकडा करते आणि बरोबरच्या चिन्हानं सुरू झालं की सूत्र. तुम्हाला हवं आहे ते 'सेट-सेल-व्हॅल्यू-एक्सप्लिसिट', ज्यात मूल्यासोबत प्रकारही द्यायचा असतो. नाव, फर्म, मोबाइल, जीएसटी क्रमांक, पिनकोड, काउंट, माप, निरोप हे सगळं स्ट्रिंग. नगांची संख्या आकडा. पिनकोड ४१३००१ आकडा म्हणून बिघडत नाही, कारण भारतातला पिनकोड शून्यानं सुरू होत नाही; तरी तो मजकूरच ठेवा, त्याची बेरीज कुणी करणार नाही. कोणता कॉलम कुठल्या प्रकाराचा, हे कोडच्या वरच्या भागात एका अ‍ॅरेमध्ये (यादीत) लिहून ठेवा: डेटाबेसमधलं नाव, मराठी शीर्षक, प्रकार. फाइल त्या यादीवरूनच बनवा.

ही यादी मी एवढ्या आग्रहानं सांगतो त्याला कारण आहे. फॉर्म बदलत राहतात. आज दहा चौकटी आहेत, दिवाळीआधी मालक म्हणतील की डिलिव्हरीची तारीखही विचारा. बऱ्याच कोडमध्ये शीर्षकं पहिल्या नोंदीवरून घेतलेली असतात. पहिली नोंद जुन्या फॉर्मची असेल तर नवा कॉलम येतच नाही. किंवा त्याहून वाईट, नव्या नोंदींतली मूल्यं एक घर सरकून भलत्या शीर्षकाखाली बसतात आणि नगांच्या खाली काउंट येतो. यादी ठरलेली असली की जुन्या नोंदीत तो सेल रिकामा राहतो, बाकी काही हलत नाही. नवा कॉलम नेहमी शेवटी जोडा, कारण ऑफिसमध्ये कुणीतरी 'जी' कॉलमवर सूत्र लावून बसलेलं असतं.

एकापेक्षा जास्त पर्याय निवडायची चौकट, म्हणजे चादर, टॉवेल, नॅपकिन, पंचा, यांच्यासाठी दोन रस्ते आहेत. नुसतं वाचायचं असेल तर अर्धविराम घालून एका सेलमध्ये जोडा. पण 'या महिन्यात टॉवेलच्या चौकशा किती' असं मालक विचारणार असतील तर प्रत्येक मालासाठी वेगळा कॉलम करा आणि त्यात १ किंवा ०. या धंद्यात हा प्रश्न येतोच, म्हणून मी दुसरा रस्ता सुचवेन.

तारीख मात्र मजकूर म्हणून लिहू नका. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेला दिवसांचा आकडा, आणि वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. लायब्ररीतलं तारीख बदलायचं फंक्शन वापरून तो आकडा लिहा आणि सेलला दिवस-महिना-वर्ष असा फॉरमॅट द्या. मजकूर म्हणून लिहिलेल्या तारखा क्रमानं लावल्या की १ जानेवारी, १ फेब्रुवारी, १ मार्च एकाखाली एक येतात.

वेळेत आणखी एक खड्डा आहे. सर्व्हरचं घड्याळ पुष्कळदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये आलेली चौकशी त्यामुळे आदल्या दिवसाच्या तारखेला पडते. मायएसक्यूएलशी जोडणी झाल्या झाल्या त्या सेशनचा टाइमझोन '+०५:३०' करा. कॉलम 'टाइमस्टॅम्प' प्रकारचा असेल तर एवढ्यानं भागतं. 'डेटटाइम' प्रकारचा असेल तर मायएसक्यूएल तो स्वतः बदलत नाही, तिथे 'कन्व्हर्ट-टीझेड' वापरावं लागेल. संध्याकाळी सहाला फाइल निघावी म्हणून क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सर्व्हरवरची सोय) लावलात आणि सर्व्हर यूटीसीवर असेल, तर क्रॉनमध्ये दुपारचे १२:३० लिहावे लागतील.

'आजच्या नोंदी' तारखेवर निवडू नका, असंही सुचवतो. सहा वाजता फाइल निघाली तर सहानंतर आलेली चौकशी आजच्या फाइलीत नसते, आणि उद्याची फाइल फक्त उद्याची तारीख बघते. ठोक खरेदीदार दुकान बंद केल्यावर, रात्री निवांत फॉर्म भरतात, म्हणजे नेमक्या कामाच्या नोंदी गळतात. त्यापेक्षा शेवटची फाइल कोणत्या नोंद क्रमांकापर्यंत गेली तो आकडा एका छोट्या टेबलात ठेवा आणि पुढची फाइल त्याच्यानंतरच्या सगळ्या नोंदींची काढा. फाइल यशस्वीपणे तयार झाल्यावरच तो आकडा पुढे सरकवा.

मोबाइल नंबर फाइल काढताना नव्हे, नोंद साठवतानाच साफ करा. मोकळ्या जागा, आडव्या रेघा, सुरुवातीचा शून्य किंवा अधिक चिन्हासकट ९१ काढून दहा अंक ठेवा. मराठी कीबोर्डवरून भरणारे लोक देवनागरी अंक लिहितात, आणि त्यांना ती मुभा असायलाच हवी. पण पीएचपीचं 'इज-न्यूमेरिक' देवनागरी अंकांना आकडा मानत नाही आणि ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची अंक तपासणीही त्यांना नाकारते. म्हणून तपासणीच्या आधी दहाही देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदला. 'कृपया योग्य क्रमांक भरा' असं लाल अक्षरात वाचून किती मराठी माणसं अशा फॉर्मवरून परत गेली असतील याचा हिशेब कुठेच लागत नाही, आणि मला ते फार लागतं. दोन ओळींच्या कोडमध्ये सुटणारा प्रश्न आहे हा.

असाच खास मराठीतला प्रश्न आहे आडव्या र चा. 'कऱ्हाड' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर टिंबवाला ऱ, हलन्त आणि ह. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. पीएचपीला मात्र ते निरनिराळे शब्द आहेत, म्हणून गावानुसार गट पाडले की कऱ्हाड दोनदा येतं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, लावल्यानं टिंबाच्या अक्षरांतला फरक मिटतो, पण जोडचिन्हाचं रूप तसंच राहतं. ते शोधून बदलायची ओळ वेगळी लिहावी लागते: साधा र, हलन्त, जोडचिन्ह हे तिन्ही ओळीनं आले की त्यांच्या जागी टिंबवाला ऱ आणि हलन्त. सोलापूर-सोलापुर, पंढरपूर-पंढरपुर हा घोळ मात्र कोडनं निस्तरण्यापेक्षा फॉर्मवर गाव निवडायची यादी देऊन मिटवा.

डाउनलोड केलेली एक्सएलएसएक्स 'फाइल खराब आहे' म्हणून उघडत नसेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडा. झिप असल्यामुळे तिची पहिली दोन अक्षरं इंग्रजी पी आणि के असायला हवीत. त्यांच्या आधी मोकळी ओळ किंवा पीएचपीची एखादी वॉर्निंग दिसली तर कारण सापडलं: फाइल पाठवायच्या आधी तुमच्या कोडनं आणखी काही छापलंय. आउटपुट बफर (छापायचा मजकूर पाठवण्याआधी साठतो ती जागा) साफ करा, फाइल पाठवल्यावर लगेच 'एक्झिट' करा आणि चुका पडद्यावर न दाखवता लॉगमध्ये पाठवा. एचटीएमएलचं टेबल छापून त्याला एक्सएलएस नाव द्यायची जुनी युक्ती अजून फिरते, ती टाळा. फाइलचा प्रकार आणि नाव जुळत नाही असा इशारा एक्सेल दर वेळी देतं, आणि आकड्यांचे सगळे अंदाज तिथेही होतातच. जुनी खरीखुरी एक्सएलएससुद्धा नको. तिच्यात ६५,५३६ च ओळी मावतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेनं कोविडच्या नोंदी त्या प्रकारात घेतल्या आणि सुमारे १६,००० रुग्ण मोजणीतून गळले. एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात.

तुमच्या रोजच्या नोंदींना मेमरीची अडचण येणार नाही. वर्षाची एकत्र फाइल काढताना आली, तर 'ओपन-स्पाउट' ही लायब्ररी एकेक ओळ लिहून पुढे जाते, सगळी शीट मेमरीत धरत नाही.

सुरक्षेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. निरोपाच्या चौकटीत कुणीही काहीही लिहू शकतं. बरोबर, अधिक, वजा किंवा ॲट या चिन्हानं सुरू होणारा मजकूर सीएसव्हीतून एक्सेलमध्ये गेला की तो सूत्र म्हणून चालतो. त्यात भलत्या वेबसाइटकडे नेणारी लिंक घालता येते, आणि ती मालकांना आपल्याच ऑफिसच्या फाइलीत दिसते म्हणून त्यांना शंकाही येत नाही. एक्सएलएसएक्समध्ये प्रकार स्ट्रिंग दिलात की हा धोका त्या फाइलीपुरता संपतो. सीएसव्ही काढणारच असाल तर अशा मूल्याच्या आधी एकेरी कोट लावा. मोबाइल आधीच साफ केलेला असल्यामुळे त्याला अधिक चिन्हाचा त्रास होणार नाही.

फाइल ज्या वेब पत्त्यावरून निघते तो लॉगिनशिवाय उघडता कामा नये. 'एक्सपोर्ट' असं नाव असलेला पत्ता कुणीही अंदाजानं टाइप करून बघू शकतो. क्रॉननं बनलेली फाइल वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवू नका, त्याच्या बाहेर ठेवा आणि लॉगिन तपासणाऱ्या कोडमधूनच द्या. त्या फाइलीत शेकडो माणसांचे मोबाइल आणि पत्ते आहेत, आणि त्यांनी ते तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय. पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. जे लागत नाही ते विचारूच नका. टॉवेलच्या चौकशीसाठी कुणाचा आधार क्रमांक किंवा जन्मतारीख लागत नाही.

मालकांना मोबाइलवरच बघायचं असेल तर रोज फाइल पाठवण्यापेक्षा गुगल शीट्समध्ये नोंद जोडत जाणं सोयीचं पडतं. तिथे एपीआय (कोडमधून शीट्सशी बोलायची सोय) वापरताना मूल्य द्यायची पद्धत 'रॉ' निवडा. 'यूझर-एंटर्ड' निवडलीत तर शीट्सही एक्सेलसारखाच अंदाज बांधतं आणि ०२१७ पुन्हा २१७ होतो. शीट 'लिंक असलेल्या सर्वांना' खुली करू नका, माणसांच्या नावानं परवानगी द्या.

मालकांच्या हाती नवी फाइल देण्याआधी फॉर्ममधूनच एक चाचणीची नोंद भरा. गाव कऱ्हाड, मोबाइल देवनागरी अंकांत आणि पुढे अधिक ९१, पत्त्यात कॉमा आणि एंटर, माप ३०"×६०", काउंट २/१०, डिझाइन १२ई५, फोन ०२१७ पासून, निरोप बरोबरच्या चिन्हानं सुरू होणारा आणि शेवटी हात जोडलेला इमोजी. ही एक नोंद फाइलीत जशीच्या तशी आली, मोबाइल तेवढा दहा इंग्रजी अंकांत आला, की तुमचा कोड तयार आहे. फॉर्म किंवा लायब्ररी बदलली की ती पुन्हा भरा.

राहिल्या आधी वाटलेल्या फाइली. त्या दुरुस्त करत बसू नका. डेटाबेसमध्ये मूळ नोंदी शाबूत आहेत, तेव्हा पहिल्या नोंदीपासून नव्या कोडनं एक्सएलएसएक्स पुन्हा काढा. जुन्या फाइली एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह झाल्या असतील तर त्यांतून तसंही काही हाती लागणार नाही, कारण एक्सेल सीएसव्ही लिहिताना सेलमध्ये जे दिसतं तेच लिहितं. घातांकी रूपात दिसणारा मोबाइल तसाच लिहिला जातो आणि शेवटचे अंक जातात. अडचण फक्त ऑफिसच्या लोकांनी त्या फाइलींत हातानं भरलेल्या शेऱ्यांची आहे, 'फोन केला', 'नमुना पाठवला' असे. ते नव्या फाइलीत आणण्यासाठी दोन्हींमधला नोंद क्रमांक धरून 'व्हीलूकअप' हे जुळणारी नोंद शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र लावा. जुन्या फाइलीत तो क्रमांक आकडा आहे. नव्या फाइलीत तुम्ही तो स्ट्रिंग म्हणून लिहिला असेल तर एकही जोडी जुळणार नाही आणि सगळीकडे चूक दिसेल. म्हणून कॉलमांच्या यादीत नोंद क्रमांकाचा प्रकार आकडा ठेवा, आणि शेरे आणून झाले की त्या कॉलमची नुसती मूल्यं पेस्ट करून सूत्रं काढून टाका.